पाचपैकी दोन

व्हर्डेल गॅड्सन यांनी ज्या निबंधाला पाचपैकी दोन गुण दिले, तो निबंध त्यांना आवडला होता. आवडला म्हणूनच त्यांना संशय आला.

ऑर्टन गावच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांना बेडकाच्या पोटात काय असतं हे त्यांच्यामुळे माहीत होतं, आणि उरलेल्या निम्म्यांना ते कधीच जाणून घ्यावंसं वाटलं नाही, तेही त्यांच्यामुळेच. निवृत्त झाल्या, नवरा गेला, मुलगी अटलांटाला जाऊन तिथलीच झाली. साउथ कॅरोलायनातल्या त्या दमट गावात सत्तर वर्षांच्या विधवेने करण्यासारखी दोनच कामं उरतात, चर्च आणि चौकशा. व्हर्डेलबाईंना चौकशांचा कंटाळा होता. तेव्हा त्यांनी नदीपलीकडच्या विद्यापीठाची एक हंगामी नोकरी धरली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, घरबसल्या, प्रवेशाचे अर्ज वाचायचे. मुलाचे शाळेतले गुण, मास्तरांची शिफारसपत्रं आणि मुलाने स्वतःवर लिहिलेला साडेसहाशे शब्दांचा निबंध. सगळं वाचून एक ते पाच यांतला एक आकडा द्यायचा आणि खाली दोन ओळींचं टिपण. प्रत्येक अर्ज दोघं वाचत. दोघांची बेरीज सहा झाली तर अर्ज समितीपुढे जाई. पाच झाली, तर मुलाला मार्चमध्ये फार सुंदर भाषेतलं एक पत्र मिळे.

नऊ वर्षं हे काम त्या करत होत्या. जेवणाच्या टेबलावर विद्यापीठाचा लॅपटॉप, शेजारी गोड थंड चहाचा ग्लास, पायांवर शाल. थंड चहा आणि शाल यांत काही विसंगती आहे असं त्यांना कधी वाटलं नाही.

मग दोन हजार तेवीसच्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. प्रवेश देताना मुलाचा वंश बघायचा नाही. अर्जावरचा वंशाचा चौकोन वाचकांपासून झाकला गेला. दुसऱ्या वर्षी विद्यापीठाच्या वकिलांना तेवढ्यानेही झोप येईना. त्यांनी नाव झाकलं, गाव झाकलं, शाळेचं नाव, आईबापांची नावं, सगळं झाकलं. मुलाचा झाला नंबर.

त्या वर्षीच्या प्रशिक्षणात वाचकांच्या प्रमुख, मिसेस डॅल, यांनी टिपणात न वापरायच्या शब्दांची दोन पानी यादी वाटली. डॅल बाई अडतीस वर्षांच्या, गोऱ्या, मनाने चांगल्या आणि सतत धास्तावलेल्या. हे तिन्ही गुण या नोकरीसाठी आवश्यक असावेत. यादीत 'वंश' होताच. पण 'पार्श्वभूमी', 'शहरी', 'चिवट' आणि 'हसतमुख' हेही होते.

"मुलाने स्वतः निबंधात लिहिलं, की माझ्या रंगामुळे मला असं असं सोसावं लागलं, तर ते वाचायचं," डॅल बाई म्हणाल्या. "पण अनुभव मोजायचा. रंग मोजायचा नाही."

"आणि अनुभवच रंगाचा असला तर?" व्हर्डेलबाईंनी मागच्या रांगेतून विचारलं.

"तर त्यातलं धैर्य मोजायचं, मिसेस गॅड्सन."

"किती?"

"एक ते पाच."

कुणी हसलं नाही. व्हर्डेलबाईंनी वहीत 'धैर्य, एक ते पाच' असं लिहून घेतलं.

दर गुरुवारी दुपारी त्यांचा थोरला भाऊ रूफस जेवायला येई. एकतीस वर्षं टपाल वाटून पाय गेलेला, जीभ शाबूत असलेला माणूस. बटर बीन्स आणि भात समोर आला की त्याला चर्चा सुचे.

"काय गं व्हर्डी, आज किती पोरांचं कल्याण केलंस?"

"पंचवीस."

"त्यातली आपली किती?"

"कळत नाही आता. नाव नाही, गाव नाही. नुसता नंबर असतो."

"तुरुंगातपण तेवढंच ठेवतात," रूफस म्हणाला आणि तिखट सॉसची बाटली उलटी केली. "पण मी म्हणतो, बरं झालं. आता आपलं पोर आत गेलं तर कुणी म्हणणार नाही, खिरापत मिळाली म्हणून."

"म्हणायचे थांबलेत का?"

"थांबले नाहीत. पण आता कारण शोधावं लागेल त्यांना."

"त्यांना कारण कधी कमी पडलं होतं?"

"तुझं वेगळं आहे. तू त्या दारातून गेलीस, म्हणून तुला दार आवडतं. मी सत्तर साली अर्ज केला. मला नाही घेतलं. माझे मार्क तुझ्यापेक्षा जास्त होते."

"गणितात."

"गणितातच म्हणतोय. मग बाहत्तरला तुला घेतलं. दोन वर्षांत आपल्या घराण्याची अक्कल नव्हती वाढली व्हर्डी, त्यांचं धोरण बदललं होतं."

हे रूफस वर्षातून साधारण चार वेळा म्हणे, आणि दर वेळी व्हर्डेलबाई त्याला आणखी भात वाढत.

बाहत्तर साली विद्यापीठाने काळ्या मुलांसाठी खास भरती सुरू केली, त्या पहिल्या खेपेत कागद-कारखान्यातल्या कामगाराची मुलगी व्हर्डेल गेली. पहिल्या सहामाहीत वनस्पतिशास्त्रात तिला चौऱ्याण्णव मिळाले. प्राध्यापकांनी तिला खोलीत बोलावलं, दार लावलं आणि नवी प्रश्नपत्रिका समोर ठेवली. दोन तास ते तिच्यासमोर बसून पाइप ओढत होते. या वेळी शहाण्णव मिळाले. "योजनेने या खेपेला बरी निवड केलेली दिसते," ते म्हणाले. त्या वाक्यात कौतुक किती आणि बाकीचं किती, याचा हिशेब व्हर्डेलबाईंचा अजून लागायचा होता. त्या दिवसापासून तिने आपल्या लिहिण्यातून घर काढून टाकलं. आईच्या स्वयंपाकघरातलं एक वाक्य नाही, गावाकडच्या बोलीतला एक शब्द नाही. तिचे अहवाल इतके स्वच्छ असत, की ते कुणी लिहिलेत हे कुणाला सांगता येऊ नये.

आता पन्नासहून अधिक वर्षांनी, बरोबर उलट्या कामात त्या तरबेज झाल्या होत्या. नंबरामागचं पोर ओळखायचं. विद्यापीठाने सगळं झाकलं तरी त्यांचं नाक कोण झाकणार? चुलीवर तापवलेल्या केस सरळ करायच्या फणीचा वास, शनिवारी चर्चच्या अंगणात तळलेले मासे, अंत्यविधी करणाऱ्या कंपनीचं नाव छापलेले पुठ्ठ्याचे पंखे. एवढं एखाद्या निबंधात आलं, की व्हर्डेलबाई खुर्चीत जरा पुढे सरकत. त्या मुद्दाम गुण वाढवत नसत. पण साडेतीन गुणांवर पाच-सहा अर्ज अडलेले असले, आणि अर्धा गुण देण्याची सोय नसली, तर आकडा कुठेतरी टेकवावाच लागतो. पंख्यांच्या बाजूला तो चार होई.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी नंबर ४०६६ आला. मुलगा की मुलगी कळत नव्हतं, पण आजोबा चर्चमध्ये अशर होते. रविवारी दाराशी आणि रांगांच्या मध्ये पांढरे हातमोजे घालून उभी राहणारी, लोकांना जागेवर बसवणारी, पंखे वाटणारी, कुणी भावनेच्या भरात कोसळलं तर सावरणारी ही माणसं. काम चालू असताना अशर बोलत नाही. टाळी वाजवत नाही. सगळं हातांनी सांगतो. डावा हात पाठीमागे मुठीत, उजवा हात छातीशी आला म्हणजे एक जागा रिकामी आहे. लकवा मारल्यावर आजोबांची वाचा गेली, तेव्हा घरात फक्त या नातवंडालाच त्यांचं बोलणं कळायचं, कारण ते हातांनी बोलत.

व्हर्डेलबाई स्वतः माउंट नीबो बॅप्टिस्ट चर्चमध्ये सव्वीस वर्षं अशर होत्या. त्यांनी पाच दिले. टिपणात लिहिलं : 'निरीक्षण असामान्य. धैर्य आहे.' मग उठून थोडा वेळ खिडकीशी उभ्या राहिल्या.

परत येऊन बसल्या तेव्हा समोर होता नंबर ४०७१.

निबंध एका पिवळ्या, चिकट, बुरशीसारख्या जिवाबद्दल होता. त्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, सगळा मिळून तो एकच पेशी. चक्रव्यूहाच्या दोन टोकांना ओट्सचे दाणे ठेवले, तर तो सगळ्या वाटा चाचपतो आणि शेवटी सगळ्यात जवळची तेवढी ठेवतो. जिथून गेला तिथे चिकट माग सोडतो, आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. ज्याला आठवण ठेवायला जागा नाही तो आठवण बाहेर ठेवतो, असं मुलाने लिहिलं होतं. एकही शब्द जास्त नव्हता. कुठलंही घर नव्हतं, आई नव्हती, अंगण नव्हतं, रडणं नव्हतं. हवामानसुद्धा नव्हतं.

व्हर्डेलबाईंनी तो दोनदा वाचला. चौतीस वर्षांत एका तरी पोराने असं काही लिहावं म्हणून त्यांनी घसा कोरडा केला होता. आणि मग त्यांच्या नाकाने काम सुरू केलं. वास कसलाच नाही. म्हणजे कुठल्या तरी महागड्या शाळेतलं पोर. घरी स्वतःचा सूक्ष्मदर्शक, बाप डॉक्टर, निबंध सुधारून द्यायला ताशी पैसे घेणारा माणूस. अशी मुलं त्यांनी नऊ वर्षं पाहिली होती. त्यांना हे विद्यापीठ नाही मिळालं, तर दुसरं वाट बघत असतं. ४०६६ला कोण वाट बघणार होतं?

दोन. टिपण : 'चकचकीत. आतलं माणूस सापडत नाही.'

कळ दाबली आणि त्या जेवायला उठल्या.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी माउंट नीबोमध्ये शाळा संपवणाऱ्या मुलांना उभं करण्याची चाल होती. पोरं एकेक करून माइकशी येत, कुठे कुठे अर्ज केलेत ते सांगत, आणि मंडळी टाळ्या वाजवत. पोर नापास व्हायच्या बेतात असलं तरी टाळ्या तितक्याच. त्या वर्षी सहाजण होते. शेवटची झिपोरा मूझॉन, स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सिस्टर ओटावीस यांची नात. उंच, चष्मा, शब्द मोजून बोलणारी. दोन वर्षं ती चाळीस मैलांवरच्या विज्ञानाच्या निवासी शाळेत होती, त्यामुळे व्हर्डेलबाईंच्या डोळ्यांपुढे अजून ईस्टरला कविता विसरून रडलेली सात वर्षांची पोर होती.

"मी एकाच ठिकाणी अर्ज केलाय," झिपोरा माइकमध्ये म्हणाली. "नदीपलीकडे. तिथे मला हवी ती प्रयोगशाळा आहे. आणि आज्जी चाळीस मिनिटांवर आहे."

ओटावीस यांची मूत्रपिंडं शरद ऋतूत थकली होती. आठवड्यातून तीनदा त्यांना यंत्राला जोडून रक्त शुद्ध करावं लागे.

उपासनेनंतर सभागृहात जेवण होतं. कोंबडी, मॅकरोनी, शिजवलेला पाला, मक्याचा पाव. हातमोजे काढून व्हर्डेलबाई रांगेत लागल्या. पाल्याच्या पातेल्यामागे ओटावीस पळी घेऊन बसलेल्या, शेजारी झिपोरा.

"बसून का वाढतेस गं, तब्येत बरी नाही का?" व्हर्डेलबाईंनी विचारलं.

"तब्येतीला काय झालंय सिस्टर, बसायची सवय लागलीय. तिथे चार तास बसवतात, वर मीठही देत नाहीत. हिला विचारा, काय लिहिलंय ते. तुमच्याच पंथातली आहे ही. किडेमुंग्यावाली."

"मिस व्हर्डेल, तुम्हाला आवडेल बघा," झिपोरा म्हणाली. "मी निबंध चिकट बुरशीवर लिहिला. बुरशी नाही म्हणा ती. दिसण्यावरून लोक म्हणतात तसं."

पाल्याची पळी व्हर्डेलबाईंच्या ताटावर आली, पण ताट खाली गेलं होतं. थोडा पाला टेबलावर पडला.

"कुठली गं? पिवळी?"

"पिवळी! पाऊस होऊन गेला की आज्जीच्या घरामागच्या ओंडक्यावर येते ना, तीच. मी तिच्यासाठी चक्रव्यूह केला."

"माझ्या पेस्ट्रीच्या भांड्यात!" ओटावीस म्हणाल्या. "रताळ्याची पेस्ट्री करायचं भांडं, माझ्या आईच्या वेळचं. उघडून बघते तर आत पिवळं शेंबडासारखं काहीतरी ओट्स खातंय. मी असा काही ओरडा केला, की शेजारचा धावत आला."

"मग हे सगळं असेलच निबंधात," व्हर्डेलबाई म्हणाल्या. नाहीये, हे त्यांना ठाऊक होतं. निबंध त्यांना जवळपास पाठ होता.

"पहिल्या खर्ड्यात होतं. भांडं, ओरडणं, मी डबीत घालून ती इथे उपासनेला आणली होती ते. मग सगळं काढलं."

"का बाळा?"

झिपोराने चष्मा वर सरकवला. "वर्गात एक मुलगा आहे. तसा चांगला आहे. तो म्हणाला, तुझं काय, तू आज्जीवर लिही, चार ओळी रडव, झालं तुझं काम. मग मी ठरवलं, असं लिहायचं की वाचणाऱ्याला मी कोण ते कळताच कामा नये."

"कळलं नसेल," व्हर्डेलबाई म्हणाल्या.

"हो ना!" पोरीचा चेहरा एकदम उजळला.

"आणि नाही झालं तर?"

"तर गावातलं दोन वर्षांचं कॉलेज. तिथे प्रयोगशाळा म्हणजे एक बेसिन आहे. पण आज्जीला सोडून लांब नाही जाणार मी."

"मला तर निबंधात नावालाही नाही ठेवलं कार्टीने," ओटावीस म्हणाल्या आणि व्हर्डेलबाईंच्या ताटात पुन्हा पाला वाढला. "माझं भांडं गेलं ते गेलंच."

घरी आल्यावर कोटही न काढता व्हर्डेलबाईंनी लॅपटॉप उघडला. ४०७१. पहिला वाचक दोन, दुसरा वाचक तीन. बेरीज पाच. अर्ज बंद.

त्यांना पाइपचा वास आला. घरात कुणी पाइप ओढणारं नव्हतं. त्या प्राध्यापकांना चौऱ्याण्णव गुण खरे वाटेनात, कारण ते एका काळ्या मुलीचे होते. व्हर्डेलबाईंना निबंध खरा वाटेना, कारण तो काळ्या मुलीचा वाटत नव्हता. प्राध्यापकांनी निदान दुसरी प्रश्नपत्रिका तरी दिली होती.

सोमवारी त्यांनी पूल ओलांडला आणि डॅल बाईंच्या खोलीत जाऊन बसल्या.

"एका अर्जाबद्दल कळवायचंय. ओळखीचा निघाला. नियम आहे ना."

"वाचलात तो?"

"डिसेंबरात."

"तेव्हा माहीत होतं?"

"नाही. काल कळलं, चर्चमध्ये."

डॅल बाईंनी सुस्कारा सोडला. "मग प्रश्नच नाही, मिसेस गॅड्सन. ओळख असताना वाचला असता, तर तुमचा गुण रद्द झाला असता. तुम्हाला तर कोण ते माहीतच नव्हतं. म्हणजे तो गुण सगळ्यात स्वच्छ. आपल्याला हेच तर हवंय."

"तो गुण चुकलाय."

"आता ओळख झाल्यावर तुम्हाला तसं वाटणारच. म्हणूनच नियम आहे."

नियमाची ही बांधणी इतकी चोख होती, की व्हर्डेलबाईंना क्षणभर तिचं कौतुक वाटलं. पोरीला ओळखत नव्हत्या तोवर तिचं वाटोळं करण्याची त्यांना पूर्ण मुभा होती. आता ओळखतात म्हटल्यावर ते निस्तरायला बंदी.

"मी तिला गोरी समजले," त्या म्हणाल्या.

डॅल बाई उठल्या आणि त्यांनी दार लावलं.

"हे मी ऐकलेलं नाही."

"श्रीमंताघरची गोरी मुलगी. कुणीतरी लिहून दिलेलं. म्हणून दोन दिले. शास्त्राची शिक्षिका म्हणून पाच दिले असते."

"तुम्ही वाचताना... अंदाज करता?"

"तू करत नाहीस?"

डॅल बाईंनी खिडकीतून गाड्यांच्या तळाकडे पाहिलं. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

"लेखी हवं असेल तर देते मी," व्हर्डेलबाई म्हणाल्या. "सही करून."

"नको! लेखी नको. तुम्ही या वर्षी किती अर्ज वाचलेत? चारशे बारा. तुम्ही असा कागद दिलात की तो वकिलांकडे जाणार. चारशे बाराच्या चारशे बारा पुन्हा वाचावे लागणार, दहा दिवसांत, जो माणूस हाताला लागेल त्याच्याकडून. ज्यांना तुम्ही दोन दिलेत त्यांचे, आणि ज्यांना पाच दिलेत त्यांचेही. आणि ते पाच तुम्ही कशावरून दिलेत, असं कोर्टात कुणी विचारलं तर?"

व्हर्डेलबाईंना ते मुके आजोबा आठवले. तो निबंध चांगलाच होता. चांगला होता की नव्हता? की त्यांना आपलं माणूस भेटल्यासारखं झालं आणि त्या आनंदाचे पाच दिले? चांगला नसता तर त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या असत्या का? हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच होतं, आणि कालपासून त्याच्यावर त्यांचा विश्वास उरला नव्हता.

"दरवर्षी आपण दहा-बारा अर्ज तिसऱ्या वाचकाकडे पाठवतो," डॅल बाई हळूच म्हणाल्या. "काही कारण नाही, सहज तपासणी म्हणून. आधीच्या दोन वाचकांच्या गुणांत जो जास्त असेल तो राहतो, त्यात तिसऱ्याचा मिळवतात. कुठले पाठवायचे ते मशीन ठरवतं."

"मग?"

"मशीनला मदत करता येते."

हे मागचं दार व्हर्डेलबाईंच्या माहितीचं होतं. त्यातून कधी गेल्या नव्हत्या, पण नऊ वर्षं त्याची करकर ऐकत आल्या होत्या. सभागृहांना ज्यांची नावं दिलीत त्यांची नातवंडं, गोल्फ खेळणाऱ्यांची पोरं, कुणाच्या तरी मित्राची भाची. त्यांना कुणी 'योजनेची मुलं' म्हटलं नव्हतं. आणि झिपोराने तर सगळी दारं लावून घेऊन, आज्जीचं भांडंसुद्धा बाहेर ठेवून, भिंतीला स्वतःच्या डोक्याने भोक पाडायचं ठरवलं होतं.

कागद लिहिला तर तो खरा होता. पण मुक्या माणसाचे हात वाचणारं एक पोर त्यात कदाचित चिरडलं जाणार होतं, आणि ते कोण हेही कुणाला कळणार नव्हतं. गप्प बसलं तर झिपोरा बेसिनवाल्या कॉलेजात.

"नंबर चार हजार एकाहत्तर," व्हर्डेलबाई म्हणाल्या.

डॅल बाईंनी नंबर लिहून घेतला नाही. नुसती मान हलवली. "आणि मिसेस गॅड्सन, उरलेले अर्ज मी दुसऱ्यांना देते. चालेल ना?"

व्हर्डेलबाईंनी लॅपटॉप पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. वायर घरी राहिली होती. ती टपालाने पाठवते म्हणाल्या.

गुरुवारी रूफसला सांगितल्यावर तो आधी हसला. हसता हसता थांबला.

"म्हणजे पोरगी आत गेली, तर ती तिच्या अकलेने गेली की तुझ्या?"

"तिच्या. तिसरा माणूस नव्याने वाचेल. त्याला काही माहीत नाही."

"पण तिसरा माणूस आणला तू."

"दोन दिले तेही मीच ना!"

"अगं, म्हणजे आधी तूच तिला खड्ड्यात ढकललं, आणि तूच दोर टाकला." त्याने भात कालवला. "सत्तर साली मला कुणी ढकललं, ते मला कधी कळलंच नाही. कुणीतरी असेलच. तोही जेवायलाच उठला असेल."

व्हर्डेलबाईंनी त्या दिवशी त्याला दुसऱ्यांदा वाढलं नाही, आणि त्यानेही मागितलं नाही.

तीन आठवड्यांनी डॅल बाईंचा फोन आला. वायर मिळाली, आभार. मग आवाज खाली आणून, "पाच."

"टिपण काय लिहिलंय?"

"'या मुलाला ताबडतोब प्रयोगशाळा द्या.'" डॅल बाईंनी वाचून दाखवलं. "मुलगा धरून चाललाय तो."

मार्चच्या तिसऱ्या रविवारी झिपोरा माइकशी आली तेव्हा पत्र तिच्या हातात होतं, आणि मंडळींना चेहऱ्यावरूनच कळलं होतं. ओटावीस स्वयंपाकघर सोडून पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या, दंडावर सुईच्या जागी पट्टी. व्हर्डेलबाई मधल्या वाटेवर कामावर होत्या. पांढरे हातमोजे, डावा हात पाठीमागे मुठीत.

"मला एवढंच सांगायचंय," झिपोरा म्हणाली. आज ती शब्द मोजत नव्हती. "माझी तिथे कुणाशी ओळख नव्हती. माझ्यासाठी कुणी शब्द टाकला नाही. त्यांना माझं नाव माहीत नव्हतं, रंग माहीत नव्हता. नुसता नंबर होता. आणि त्यांनी घेतलं."

"आमेन!" कुणीतरी ओरडलं, आणि मग सगळं चर्च उभं राहिलं. पुठ्ठ्याचे पंखे हवेत गेले. रूफस चौथ्या रांगेत होता. तोही उभा राहिला, आणि टाळ्या वाजवताना बहिणीकडे बघणार नाही याची त्याने फार काळजी घेतली.

अशर टाळी वाजवत नाही. व्हर्डेलबाईंना या नियमाचा इतका आधार सव्वीस वर्षांत कधी वाटला नव्हता.

राज्यात कुठेतरी दुसऱ्या एखाद्या चर्चमध्ये आज एक मुलगा किंवा मुलगी अशीच माइकशी उभी असेल, आजोबांचा फोटो खिशात घेऊन. किंवा नसेलही. दुसऱ्या वाचकाने ४०६६ला किती दिले, ते बघायचं राहून गेलं होतं, आणि आता बघायला लॅपटॉप नव्हता.

झिपोरा पायऱ्या उतरून मधल्या वाटेने सरळ त्यांच्याकडेच आली. डोळे भरलेले, चष्म्यावर वाफ.

"मिस व्हर्डेल," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आता तर कुणी काही म्हणू शकणार नाही ना?"

ती उत्तरासाठी थांबली होती. मागे दोन बायका वाट अडली म्हणून थांबल्या. व्हर्डेलबाईंची मूठ पाठीमागे आवळली गेली, हातमोज्याची शिवण बोटात रुतली. कामावर असताना बोलायचं नसतं हे पोरीला लहानपणापासून माहीत होतं, तरी ती थांबली होती.

व्हर्डेलबाईंनी उजवा हात छातीशी नेला, आणि मग तळवा उघडून आज्जीच्या शेजारची रिकामी जागा दाखवली.